बाथला एक रात्र द्या: सहल आयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून इंग्लंडच्या सहली नेणारे सर्व आयोजक आणि त्यांचे टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या इंग्लंडच्या कार्यक्रमपत्रिकेत बाथ शहराच्या वाट्याला साधारण तीन तास येतात. सकाळी लंडनहून निघायचं, स्टोनहेंज करायचं, बसमध्येच पॅक लंच उरकायचं, दुपारी एक-दीडला बाथला उतरायचं. रोमन बाथ्स आतून, रॉयल क्रेसेंट ही चंद्रकोरीसारखी घरांची रांग बाहेरून, मध्ये ॲबी या जुन्या चर्चसमोर ग्रुप फोटो आणि चार-साडेचारला पुढच्या मुक्कामाकडे. मी बाथमध्ये राहते. ॲबीच्या चौकात मराठी कानावर पडलं की थांबून बोलते, आणि बहुतेक वेळा एक प्रश्न येतोच: "इथे संध्याकाळी काय असतं हो?" उत्तर द्यायला सुरुवात करेपर्यंत टूर मॅनेजरचा झेंडा वर गेलेला असतो. ते उत्तर मी आता तुम्हालाच लिहिते आहे, कारण तीन तासांचा निर्णय त्या प्रवाशांचा नसतो, तुमचा असतो. माझी मागणी एवढीच आहे की बाथला एक रात्र द्या.

हे शहर संध्याकाळसाठी वाढलं. अठराव्या शतकात लोक इथे गरम झऱ्यांचं पाणी प्यायला आणि त्यात उतरायला येत. काही खरोखर आजारी असत, पुष्कळसे आजाराच्या निमित्ताने मौज करायला आलेले असत. पहाटे सहापासून कुंडात स्नान, मग पंप रूममध्ये वाद्यवृंद ऐकत खनिजांच्या चवीचं कोमट पाणी, दुपारी फेरफटका, आणि दिवे लागले की नाच, पत्ते, नाटक, गाणं. या संध्याकाळला वळण लावलं रिचर्ड नॅश या माणसाने. लोक त्याला 'बो' नॅश म्हणत. १६७४ साली स्वान्सीत जन्मलेला, जुगारावर गुजराण करणारा हा गृहस्थ १७०५ च्या सुमारास बाथला आला आणि 'मास्टर ऑफ सेरेमनीज' म्हणून शहराच्या करमणुकीचा अनभिषिक्त राजा झाला. १७६१ मध्ये तो वारला तोही बाथमध्येच.

त्याचे नियम वाचण्यासारखे आहेत. कमरेला तलवार लावून सभागृहात यायचं नाही. घोड्यावरून उतरून तसंच बूट घालून नाचाला यायचं नाही. खुर्चीत बसवून माणसं वाहून नेणाऱ्या भोयांनी ठरलेल्या दरापेक्षा जास्त मागायचं नाही. नाच संध्याकाळी सहाला सुरू होणार आणि अकराच्या ठोक्याला थांबणार. दुसऱ्या जॉर्ज राजाची मुलगी अमेलिया हिने अकरा वाजून गेल्यावर आणखी एकच नाच होऊ द्या म्हणून विनंती केली, तेव्हा नॅशने तिलाही नकार दिला. एका डचेसने ॲप्रन घालून यायचं धाडस केलं, तर तो त्याने उतरवून दासींच्या बाकांकडे भिरकावला. हा निव्वळ तोरा नव्हता. सकाळी स्नानाला जायचं तर रात्री झोप हवी, हे तो जाणत होता. आणि नियम सगळ्यांना सारखा असेल तरच सरदार-उमराव आणि गावाकडचे साधे जमीनदार एका दालनात वावरतील, हेही त्याने ओळखलं होतं. लंडनमध्ये ज्यांची एकमेकांशी ओळखही झाली नसती, ती माणसं बाथच्या संध्याकाळी एकत्र नाचत. या शहराच्या इतिहासातला हाच भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तुमच्या गाईडच्या दोन वाक्यांत तो येत नाही. पर्यटकांच्या बस ज्या टेरेस वॉकच्या आसपास थांबतात, त्याच परिसरात नॅशच्या काळातली सभागृहं होती. म्हणजे तुमची मंडळी उतरतात ती नेमकी त्या जागी, फक्त दुपारी.

पुढे शहर टेकडीवर सरकलं आणि १७७१ मध्ये धाकट्या जॉन वुडने बांधलेल्या नव्या असेम्ब्ली रूम्स उघडल्या. नाचाचं दालन, चहाचं दालन, पत्त्यांचं दालन, आणि छताला काचेची भव्य झुंबरं. एप्रिल १९४२ मध्ये जर्मन विमानांनी बाथवर बॉम्ब टाकले, चारशेहून अधिक माणसं मेली, आणि या इमारतीचा आतला भाग जळून खाक झाला. झुंबरं युद्ध सुरू होताच काढून ठेवली होती म्हणून वाचली. ती पुन्हा चढवली गेली आणि १९६३ मध्ये दालनं परत उघडली. इमारत नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे आणि २०२३ पासून तिचा कारभारही ट्रस्टने पुन्हा आपल्याकडे घेतला आहे. तिथे काय उघडं आहे, कोणता कार्यक्रम आहे, हे सहलीच्या तारखा ठरवताना जरूर विचारा.

या दालनांत संगीताचे जलसे होत, आणि ते बसवणाऱ्यांपैकी एक होता विल्यम हर्शेल. जर्मनीतल्या हॅनोव्हरहून आलेला हा वादक १७६६ पासून बाथमध्ये ऑर्गन वाजवत होता, शिकवण्या घेत होता, पुढे इथल्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. बहीण कॅरोलिन जलशांत गायची. काम आटोपलं की दोघं घराच्या मागच्या अंगणात दुर्बिणीपाशी जात. १३ मार्च १७८१ च्या रात्री, दहा ते अकराच्या दरम्यान, त्या अंगणातून हर्शेलला युरेनस दिसला. ज्ञात ग्रहांत माणसाने दुर्बिणीने घातलेली ती पहिली भर. न्यू किंग स्ट्रीटवरचं ते १९ नंबरचं घर आज संग्रहालय आहे, अंगणासकट. तुमच्या गटात हमखास निवृत्त शिक्षक असतात, शाळकरी नातवंडं असतात. त्यांना या अंगणात न्या.

आता आजची संध्याकाळ. पहिलं नाव थिएटर रॉयलचं घेते, कारण मराठी माणसाला नाटकाचं महत्त्व पटवून सांगावं लागत नाही. सॉक्लोजमधलं हे नाट्यगृह १८०५ सालचं. १८६२ मध्ये आगीत आतून जळलं, पुढच्याच वर्षी पुन्हा उभं राहिलं. लाल मखमल, सोनेरी नक्षी, घोड्याच्या नालाच्या आकारात वर चढत गेलेले सज्जे. लंडनला जाण्याआधी कित्येक मोठी नाटकं इथे होतात आणि नामांकित नट-नट्या इथे काम करतात. शहराची नाट्यपरंपरा याहून जुनी आहे. ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या आधीच्या नाट्यगृहाला १७६८ मध्ये राजाची सनद मिळाली, तीही लंडनबाहेर इंग्लंडात पहिल्यांदाच. सारा सिडन्स ही त्या काळची थोर नटी १७७८ पासून चार वर्षं त्या रंगमंचावर घडली. १७८२ मध्ये लंडनला जाताना तिने प्रेक्षकांचा निरोप घेतला, तेव्हा बाथ सोडण्याची कारणं म्हणून आपल्या तीन मुलांनाच रंगमंचावर आणून उभं केलं. वाढत्या संसाराला लंडनची कमाई हवी होती, आणि ते तिने सगळ्यांसमोर सांगितलं.

"आमच्या लोकांना इंग्रजी संवाद कळणार नाहीत," असं तुम्ही म्हणाल. काहींना कळणार नाहीत, हे खरं. म्हणून नाटक निवडून घ्या: संगीतिका घ्या, विनोदी घ्या, आणि डिसेंबर-जानेवारीत येत असाल तर पँटोमाइम घ्या. हा इंग्रजांचा नाताळातला लोकनाट्यप्रकार. कथा सिंड्रेला किंवा अल्लादीनसारखी सगळ्यांना ठाऊक असलेली, पुरुष नट बाईच्या वेशात, गाणी, कोट्या, स्थानिक राजकारण्यांना चिमटे, आणि प्रेक्षकांनी ओरडून उत्तरं द्यायची ही पद्धतच. वगनाट्य बघितलेल्या माणसाला पाच मिनिटांत सूर सापडतो. आठ वर्षांचं पोर आणि ऐंशीची आजी एकाच वाक्यावर हसताना मी इथे बघते, तेव्हा आपली माणसं या वेळी मोटरवेच्या कडेच्या हॉटेलात टीव्ही लावून बसली असतील, या विचाराने खरंच हळहळ वाटते.

नाटक नको असेल त्यांच्यासाठी पाणी आहेच. रोमन बाथ्स उन्हाळ्यात काही आठवडे रात्री उशिरापर्यंत उघडे असतात आणि मोठ्या कुंडाभोवती मशाली लावतात. दुपारी तुमचा गट तिथे गर्दीतून ढकलत पुढे जातो; रात्री त्याच हिरव्या पाण्यावर वाफ दिसते, ज्योती हलताना दिसतात, बाकावर टेकायला जागा असते. हे जुने कुंड फक्त बघण्यापुरतं आहे. प्रत्यक्ष उतरायचं असेल तर जवळच २००६ मध्ये उघडलेलं थर्मे बाथ स्पा आहे. त्याच्या गच्चीवर नैसर्गिक गरम पाण्याचा तलाव आहे आणि अंधार पडल्यावर त्यात उभं राहून ॲबीचा मनोरा बघता येतो. पोहण्याचा पोशाख घालावा लागतो, हे निघण्याआधीच बायकांना सांगून ठेवा, नाहीतर आयत्या वेळी अर्ध्या जणी मागे राहतात.

एप्रिल ते ऑक्टोबर या काळात 'बिझार बाथ' नावाची विनोदी पदयात्रा रात्री आठला निघते. इतिहास सांगत नाही, फक्त हसवते. आणि इतिहासच हवा असेल तर महापौरांच्या मानद मार्गदर्शकांच्या फेऱ्या आहेत. १९३४ पासून चालू असलेला हा उपक्रम पूर्णपणे विनामूल्य आहे, मार्गदर्शक बक्षिसीही घेत नाहीत. दिवसा तर या फेऱ्या असतातच, उन्हाळ्यात काही संध्याकाळीही असतात. गट मोठा असेल तर आधी कळवणं सौजन्याचं.

पबविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथेच तुमची सगळ्यात मोठी अडचण आहे. वयस्कर प्रवासी म्हणतात, आम्ही पीत नाही, आम्ही दारूच्या दुकानात कशाला जाऊ? पण बाथमधला जुना पब हे दारूचं दुकान म्हणून बघितलं तर कळणार नाही. पॅरॅगनवरच्या 'स्टार इन'मध्ये लाकडी तावदानांनी पाडलेल्या छोट्या खोल्या आहेत, शेकोटी आहे, बिअर अजूनही जगमधून ओततात. शेजारी बसलेला निवृत्त गवंडी तुमच्याशी क्रिकेटवर अर्धा तास बोलेल. लिंबाचं सरबत किंवा जिंजर बिअर (नावात बिअर असली तरी दारू नव्हे) घेऊन बसलात तर कोणी भुवई उंचावत नाही. टेबलावर कोणी विचारायला येत नाही, काउंटरवर जाऊन मागायचं, लगेच पैसे द्यायचे, आणि आपली पाळी कोणाच्या नंतर आहे हे लक्षात ठेवायचं. रांग दिसत नसली तरी असते. बंद व्हायच्या आधी घंटा वाजते, ती शेवटच्या मागणीची. टूर मॅनेजरने बसमध्ये पाच मिनिटं हे समजावून सांगितलं की संकोच जातो. इंग्लंडला येऊन इंग्रज माणसाशी एकदाही न बोलता परत गेलेले प्रवासी मला भेटले आहेत. दहा दिवसांत त्यांचा संबंध आला तो हॉटेलच्या काउंटरशी आणि बस ड्रायव्हरशी.

वॉलकॉट स्ट्रीटवरच्या 'बेल'ची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हा पब विकायला निघाला तेव्हा २०१३ मध्ये त्याच्या गिऱ्हाइकांनी आणि कामगारांनी मिळून, पाचशेहून अधिक जणांनी पैसे घालून, तो विकत घेतला आणि सहकारी तत्त्वावर चालवायला घेतला. साखर कारखान्यापासून पतपेढीपर्यंत सहकार बघितलेल्या आपल्या माणसांना याचं कौतुक वाटेल. तिथे आठवड्यातून काही दिवस प्रत्यक्ष वादन-गायन असतं आणि त्यासाठी तिकीट नसतं.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. जॉर्ज स्ट्रीटवरच्या तळघरात १९७८ पासून 'मोल्स' नावाचा क्लब होता. छोटा, कोंदट, घामट. पुढे जगभर गाजलेले ओएसिस आणि रेडिओहेडसारखे गट नावारूपाला येण्याआधी तिथे वाजवून गेले. वाढलेला खर्च झेपेना म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये त्याने दारं बंद केली. जिथे नवे कलाकार चुकतमाकत शिकतात त्या छोट्या जागा इंग्लंडभर अशाच बंद होत आहेत. तुमचा गट अशा क्लबात गेला असता असं मी म्हणत नाही. पण शहराची रात्र ही रात्री शहरात असलेल्या माणसांवर जगते. बाथला दरवर्षी लाखो लोक येतात आणि त्यांतले बहुसंख्य संध्याकाळच्या आत निघून जातात. साडेपाच-सहाला दुकानं बंद होतात, चौक रिकामा होतो. गर्दीचा त्रास रहिवाशांना, आणि नाट्यगृहाच्या, खाणावळीच्या, वादकाच्या पदरात मात्र काही नाही. १९८७ पासून जागतिक वारसा म्हणून मिरवणाऱ्या या शहराला पाहुणे कमी नाहीत, मुक्कामाचे पाहुणे कमी आहेत. चाळीस माणसांचा एक गट रात्री थांबला तर त्या संध्याकाळी ते शहरात जाणवतं.

आता तुमच्या अडचणींकडे येते, कारण त्या खऱ्या आहेत. पहिली ड्रायव्हरच्या तासांची. ब्रिटनमध्ये बस चालवायला दिवसाला ९ तासांची मर्यादा, आठवड्यातून दोनदाच १० तास. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबायचं. आणि रात्रीची विश्रांती सलग ११ तासांची, जी काही वेळाच ९ पर्यंत खाली आणता येते. हे नियम उत्तम आहेत आणि त्यांच्याशी खेळू नये. पण याच नियमांमुळे बाथचा मुक्काम तुमच्या सोयीचा ठरतो. लंडनहून साडेआठला निघा, अकराच्या सुमारास स्टोनहेंज, अडीचपर्यंत बाथ. तिथून बस उभी राहील, ड्रायव्हर मोकळा होईल आणि तुमच्या गटाला पुढचं सगळं शहर पायी आहे. रोमन बाथ्स साडेतीनला, जेवण साडेपाचला, नाटक साडेसातला. रॉयल क्रेसेंट दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या पायांनी. मग कॉट्सवोल्ड्स किंवा कार्डिफ, जे तुमच्या पत्रिकेत आहे ते.

दुसरी गोष्ट हॉटेलची. शुक्रवार-शनिवारी बाथमधल्या खोल्या महाग असतात आणि मिळतही नाहीत. शिवाय शनिवारी रात्री लग्नाआधीच्या पार्ट्यांचा गोंगाट असतो. रविवार ते गुरुवार या रात्री धरा. हॉटेल मात्र चालत जाण्याच्या अंतरावर हवं. पैसे वाचवायला गावाबाहेरचं घेतलं तर मुक्काम बाथचा फक्त कागदावर होईल आणि संध्याकाळ पुन्हा हातची जाईल. बस युरो-६ या धुराच्या निकषात बसणारी आहे ना, हेही बस कंपनीकडून पक्कं करून घ्या. मार्च २०२१ पासून शहराच्या मध्यभागी स्वच्छ हवेचं क्षेत्र आहे आणि जुन्या डिझेल बसला दिवसाला १०० पौंड भरावे लागतात.

तिसरी जेवणाची. संध्याकाळी सातला भारतीय जेवण हा तुमच्या जाहिरातीतला मोठा शब्द असतो, आणि तो मोडा असं मी म्हणत नाही. बाथमध्ये भारतीय खाणावळी आहेत. ब्रिटनमधल्या बऱ्याचशा 'इंडियन' खाणावळींसारखं इथेही स्वयंपाकघरात बांगलादेशातल्या सिल्हेटकडची माणसं भेटू शकतात. आधी सांगितलं तर कांदा-लसूण नसलेलं जेवण करून देणारे मिळतात. फक्त वेळ साडेपाचची मागा. रेस्टॉरंट त्या वेळी रिकामं असतं, दरही बरा पडतो, आणि संपूर्ण संध्याकाळ पुढे मोकळी राहते.

सुरक्षिततेबद्दल विचाराल तर मध्यवर्ती भाग छोटा, उजेडाचा आणि वर्दळीचा आहे. नाटक सुटल्यावर हॉटेलपर्यंत बायका गटाने निर्धास्त चालत येऊ शकतात. दोन गोष्टींची मात्र सक्त ताकीद द्या. रात्री एव्हन नदीच्या काठाच्या वाटेने जायचं नाही. पल्टनी पुलाखालचा बंधारा दिवसा सुंदर दिसतो, अंधारात काठ निसरडा आणि धोक्याचा असतो. आणि दगडी फरसबंदी उंचसखल आहे, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांना टॅक्सी ठरवून द्या.

जूनमध्ये इथे सूर्य साडेनऊला मावळतो. नाटक नाही, पब नाही, पाणी नाही, असं म्हणणाऱ्यांनाही त्या दिवसांत अलेक्झांड्रा पार्कच्या टेकडीवर टॅक्सीने नेता येईल. तिथून सगळं शहर एका नजरेत येतं, मधाच्या रंगाच्या दगडाचं, आणि टॅक्सीचं भाडं सोडलं तर त्याला एक रुपयाही लागत नाही.

पुढच्या हंगामाच्या पत्रिका तुम्ही आता ठरवत असाल. सगळ्या सहली बदला असं माझं म्हणणं नाही. एक सहल निवडा, शक्यतो सावकाश फिरणाऱ्या ज्येष्ठांची, आणि तिच्यात "बाथ, मुक्काम एक रात्र" एवढं छापून बघा. लंडनमधली एक रात्र कमी झाली तरी कोणी तक्रार करणार नाही, तिथे तुमच्या चार असतात. नाटकाच्या तारखा, रोमन बाथ्सच्या उशिराच्या वेळा, खाणावळीशी आधी बोलून ठेवणं, यातलं जे लागेल ते मी आनंदाने करून देईन. गट आला तर पॅरॅगनवरच्या त्या शेकोटीच्या खोलीपर्यंत स्वतः घेऊन जाईन, फक्त तारीख महिनाभर आधी कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बाथमधली एक मराठी रहिवासी